पाऊल वाजतं तेव्हा नेमकं काय वाजतं?

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला घालून पुरुष मॉडेल चालले, आणि महाराष्ट्रात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. श्रेय कुणाला, कारागिराच्या हातात काय पडणार, २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उपयोग काय, हे सगळे प्रश्न विचारायलाच हवे होते. प्रेरणा भारतीय चपलेची होती, हे कंपनीने नंतर मान्यही केलं. ते व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले, आणि एक गोष्ट सारखी खटकत राहिली. त्या चपला वाजत नव्हत्या. पाय दिसत होते, पट्टे दिसत होते, ऐकू येत होतं ते फक्त संगीत. कोल्हापुरी म्हटलं की माझ्या कानात आधी करकर येते, चप्पल डोळ्यांपुढे येते ती नंतर.

आम्ही काही जण शनिवारी संध्याकाळी ठाण्याला नौपाड्यात एका मैत्रिणीच्या घरी जमतो आणि लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतो. त्या आठवड्यात मी सगळ्यांना एक छोटं काम दिलं. कोल्हापुरी घातलेला माणूस जिना उतरतोय, फक्त आवाजावरून लिहा. बहुतेकांनी ‘टक टक’ लिहिलं, दोघांनी ‘टॉक टॉक’. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू कोरा कागद घेऊन बसून राहिल्या. म्हणाल्या, “अगं, आवाज कानात आहे, पण हातात येत नाही.”

ही अडचण लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची आहे. दिवाळी अंकांच्या स्पर्धेच्या कथा वाचताना मला ती दर वर्षी दिसते. म्हणून हा आवाज जरा उलगडून पाहू.

लाटणं घेऊन ओट्यापाशी

पाऊल म्हणजे जमिनीवर मारलेली थाप. थाप कशी वाजते ते कळायला स्वयंपाकघर पुरतं. हातात लाटणं घ्या. ते एकदा कडप्प्याच्या ओट्यावर ठोका, एकदा पोळपाटावर, एकदा घडी घातलेल्या चादरीवर. हात तोच, लाटणं तेच, पण आवाज तीन. आता ओटा तोच ठेवा आणि लाटण्याऐवजी स्टीलचा चमचा आपटा, मग ओलं फडकं आपटा. पुन्हा तीन आवाज.

म्हणजे आवाज एकट्या चपलेत नसतो आणि एकट्या फरशीतही नसतो. दोघांची गाठ पडते तेव्हा तो निर्माण होतो. दोन्ही वस्तू कडक असतील तर आवाज आखूड आणि टोकदार येतो. एक मऊ असेल तर ती वस्तू धक्का गिळून टाकते, आवाज बसका होतो. खाली पोकळी असेल, म्हणजे लाकडी जिना किंवा रेल्वेच्या पुलाचे लोखंडी पत्रे असतील, तर ती पोकळीसुद्धा वाजायला लागते, डग्ग्यासारखी.

तिसरी गोष्ट म्हणजे वजन आणि ते टाकायची पद्धत. चालताना आधी टाच टेकते, मग तळवा, आणि शेवटी चवडा जमिनीला मागे रेटतो. सावकाश चालणाऱ्याच्या एका पावलात हे दोन वेगळे आवाज ऐकू येतात, टाचेचा आणि चवड्याचा. घाईत ते एकमेकांत मिसळतात. नेहमीच्या चालीत माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो, म्हणजे घड्याळाचा सेकंदकाटा एक घर सरकेपर्यंत दोन पावलं. कथेत कुणी ‘टक... टक... टक...’ असं लांब लांब वाजत येत असेल तर तो चालत नाहीये, दबकतोय, दमलाय किंवा आजारी आहे. वाचकाला हा हिशोब मांडता येणार नाही, पण त्याच्या पायांना तो माहीत असतो.

आणि मग सभोवतालची जागा. वाशी, बेलापूर, नेरुळ ही सिडकोने बांधलेली स्टेशनं आठवा. उंच छत, लांबरुंद रिकामा हॉल. रात्री उशिराच्या गाडीने उतरलेल्या एकटीच्या सँडलचा आवाज तिथे भिंतींवर आपटून परत येतो आणि तिच्या मागून आणखी कुणी चालतंय असं वाटायला लागतं. या मागे रेंगाळणाऱ्या आवाजाला मी घुमारा म्हणते. हीच बाई स्टेशनबाहेर मोकळ्या रस्त्यावर आली की आवाज एकदम कोरडा आणि लहान होतो. भीती कुठे संपली ते वेगळं लिहावंही लागत नाही.

चपलेगणिक वेगळा आवाज

साध्या रबरी स्लिपरपासून सुरुवात करते, कारण ती सगळ्यांकडे असते आणि कथांमध्ये जवळजवळ नसते. स्लिपरचा आवाज दुहेरी असतो. टाच उचलली की चप्पल क्षणभर मागे राहते, मग उसळून टाचेवर बसते: फट. पुढच्या क्षणी पाऊल जमिनीवर येतं: टप. म्हणून ती फटक-टप, फटक-टप अशी चालते. पावसाळ्यात या उसळण्यामुळेच पँटच्या मागे चिखलाचे शिंतोडे उडतात. तळ आणि तळवा यांच्यात पाणी गेलं की फट जाऊन पचक येतं. एका चपलेचा अंगठा तुटत आलाय आणि माणूस तसाच चालतोय, तर एक पाय फटकतो आणि दुसरा नुसता घासला जातो. एवढ्यावरून त्याचा खिसा आणि त्याचा दिवस, दोन्ही कळतात.

कोल्हापुरीची गोष्ट निराळी. तिच्या तळात कातड्याचे थर असतात आणि ते कातड्याच्याच वादीने शिवलेले असतात. पाऊल वाकलं की थर एकमेकांवर घासतात. करकर तिथून येते. म्हणजे जमिनीवर आपटण्याच्या आवाजाशी तिचा संबंधच नाही. मऊ मातीवरही ती करकरते. नवी आणि कोरडी असताना जास्त वाजते, तेल पाजून पाय बसला की कमी होते. मुद्दाम वाजणारी चप्पल बनवून घेणारे शौकीन होते, अजून आहेत. ‘टक टक’ लिहिणाऱ्यांची चूक इथे होते. ते फरशी ऐकत असतात, आणि वाजत असतं ते चामडं.

ओल्या लादीवर बुटाचा रबरी तळ कुईं करून किंचाळतो, तो आणखी वेगळा प्रकार. तिथे तळ क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे इतक्या वेगाने होतं की आपल्याला सलग किंचाळी ऐकू येते. फळ्यावर खडू ओरडतो तो याच कारणाने. दवाखान्याच्या पुसलेल्या व्हरांड्यात वॉर्डबॉयची घाई लिहायची असेल तर ही एक किंचाळी पुरे होते.

उंच टाचांबद्दल जास्त सांगत नाही, ‘टक टक’ हा शब्द खरा त्यांचाच आहे. एवढंच लक्षात ठेवा की गालिच्यावर त्या गप्प होतात, आणि ठाण्यातल्या फुटपाथवर त्यांचा ताल दर चार पावलांनी चुकतो. तो चुकवतो पेव्हर ब्लॉक. सुटलेला पेव्हर ब्लॉक ही आपल्या शहराची खास देणगी आहे आणि ती अजून कथेत नीट आलेली नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. उन्हाळ्यात त्याच्यावर पाय पडला की तो ठक्क करून एका बाजूला कलतो. जुलैमध्ये त्याच्या पोटात पाणी साचलेलं असतं. पाय पडला की आधी ‘डुग’, मग ‘पिचीक’, आणि घोट्यापर्यंत गार गढूळ पाणी. मागून चालणाऱ्याने तो ‘डुग’ ऐकला की तो आपोआप बाजूने जातो.

माती आणि पाचोळा यांची भाषा ऋतूप्रमाणे बदलते. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं पडलेली असतात, ताटाएवढी, वाळून कडक झालेली. पाय पडला की भाजलेला पापड मोडावा तसा आवाज होतो. त्या दिवसांत तिथे कुणालाही चोरपावलांनी चालता येत नाही. त्याच वाटेवर ऑगस्टमध्ये पानं कुजून लगदा झालेला असतो आणि माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी कळत नाही. एखादा पाठलाग येऊरमध्ये घडवायचा असेल तर महिना आधी ठरवा.

आपल्या घरात बूट वाजत नाही

या लेखातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा हा आहे.

रहस्यकथा आणि भयकथा वाचताना मला दर दुसऱ्या गोष्टीत घराच्या आत बूट वाजताना ऐकू येतात. हॉलमधून बेडरूमकडे ‘टॉक टॉक’ बूट येतात. बेडरूमच्या दाराशी थांबतात. पण मराठी घरात बूट दाराशी उतरतो! चोरसुद्धा चपला काढून शिरतो, कारण वाजू नयेत. घरभर बुटांनी फिरायची चाल दुसऱ्या देशांतली, थंडीतली, लाकडी तक्तपोशीची. परदेशी सिनेमे आणि मालिका पाहून तो आवाज आपल्या कानात बसला, आणि लिहायला बसलो की तोच आधी हाताशी येतो.

आपल्या घरातलं पाऊल अनवाणी असतं. ते लादीवर थपथप वाजतं. उन्हाळ्यात तळव्याला घाम असला की प्रत्येक पावलाला चप करून सुटतं. टाचेला भेगा असल्या तर साडीचा काठ त्यात अडकून खरखरतो. जोडवी असली की लादीला मधूनच टिक करून लागतात. बाळाच्या पायातले वाळे खुळखुळतात ते नेमके त्याने पडायच्या आधी, कारण तेव्हाच ते पाय भराभर टाकतं.

आणि बाहेरून घरात येण्याच्या मधोमध आपल्याकडे एक आवाज आहे, तो दुसरीकडे क्वचितच मिळेल. दाराशी चप्पल काढल्याचा आवाज. लिफ्टचं दार, मग पावलं, मग एक ‘धप्’, थोड्या वेळाने दुसरा ‘धप्’. एकामागोमाग लागोपाठ दोन धप् म्हणजे मुलगा शाळेतून आला, त्याने पायांनीच चपला भिरकावल्या. एक धप्, मग भिंतीला हात टेकल्याचा आवाज, मग दुसरा, म्हणजे आजोबा. एकही धप् नाही, फक्त रॅकचं दार कुरकुरलं, म्हणजे सून.

शब्दांचे दोन डबे

मराठीत या कामासाठी शब्द भरपूर आहेत. अडचण एवढीच की आपण दोन डबे एकत्र करून टाकले आहेत.

पहिल्या डब्यात आवाजाची नक्कल करणारे शब्द आहेत. व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, कडकड, रिमझिम यांच्या जातीचे. टकटक, खटखट, थपथप, धपधप, फटफट, करकर, सपसप, पचपच, छुमछुम, खसखस. दुसऱ्या डब्यात चालीचे शब्द आहेत: झपझप, तुरुतुरु, दुडुदुडु, लगबगीने, रमतगमत, खुरडत, ठुमकत. हेसुद्धा कानाला वाजल्यासारखे वाटतात, पण त्यांत आवाज नाही, हालचाल आहे. ‘तो झपझप चालत आला’ यात वेग दिसतो, ऐकू काही येत नाही. अंधारातल्या प्रसंगात, जिथे पात्राला दिसतच नाही, तिथे दुसऱ्या डब्यातला शब्द घातला की दृश्य डळमळतं. दिसत नाही, मग तुरुतुरु कुणी पाहिलं?

पहिल्या डब्याला एक जुनी शिस्तही आहे, आपण ती नकळत पाळतो. ट आणि क आले की कडक वस्तू कडक वस्तूवर लागते. ध आणि थ आले की जडपणा येतो, मऊपणा येतो. फ मध्ये हवा असते, स मध्ये घसरणं, च आणि प जोडीने आले की पाणी किंवा चिखल. म्हणून तयार शब्द सापडला नाही तर याच अक्षरांतून नवा बनवता येतो, आणि वाचक तो बिनतक्रार स्वीकारतो. ‘पिचीक’ मी वर असाच वापरला.

क्रियापदांकडे मात्र फार कमी लोक बघतात. पाऊल वाजतं, उमटतं, पडतं, अडखळतं. पाय आपटतात, घासतात, ओढले जातात. ‘तो पाय ओढत आला’ या चार शब्दांत आवाज आहे, चाल आहे आणि थकवाही आहे. अनुकरणवाचक शब्द एकही नाही. मला तर असं वाटतं की पानावर दोनदा टकटक-खटखट आलं की तिसऱ्यांदा क्रियापदाकडेच जावं.

चाहूल म्हणजे ऐकणाऱ्याचा आवाज

आता मराठीतला असा एक शब्द, जो माझ्या मते या सगळ्याचा मुकुटमणी आहे. चाहूल. चाहूल म्हणजे नुसता आवाज नव्हे. आवाज आणि ‘कुणीतरी येतंय’ ही जाणीव मिळून चाहूल होते. आवाज होतो, चाहूल लागते. ती कुणाला तरीच लागते. ऐकणारा माणूस या शब्दाच्या आतच बसलेला आहे.

माझं लहानपण खारकर आळीतल्या एका जुन्या घरात गेलं. लाकडी जिना, चौथी फळी सैल. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. जड सेफ्टी शूज ते कारखान्यातच ठेवायचे आणि चामड्याची चप्पल घालून घरी यायचे. डावा पाय किंचित घासायचा, जुनं दुखणं होतं. टक-घस, टक-घस, मग चौथ्या फळीची कुईं. कुईं झाली की आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. ते वरच्या पायरीवर येईपर्यंत पाण्याला तळाशी बारीक बुडबुडे आलेले असायचे. तिने घड्याळ कधी पाहिलं नाही.

एकदा चप्पल झिजली म्हणून बाबांनी जांभळी नाक्याजवळच्या मोच्याकडून तिला टायरचा तळ लावून घेतला. संध्याकाळी जिन्यात ‘थप... थप’ सुरू झालं. रबराने टाचेचा टक खाऊन टाकला होता, आणि घसचंही नुसतं खस् झालं होतं. आईने स्टोव्हला हात लावला नाही. उठून दाराला आतून कडी घातली.

“कोण आहे?”

“अगं, मी.”

“मग पाय कुणाचे घेऊन आलात?”

पुढचे चार दिवस चहा उशिरा झाला. पाचव्या दिवशी पहिल्या ‘थप’लाच आधण चढलं.

पावलांच्या आवाजाबद्दल मी जे काही शिकवते ते सगळं या प्रसंगातून आलंय. आवाज बदलला तो तळामुळे, ही पदार्थविज्ञानाची बाब. पण गोष्ट झाली ती आईच्या कानामुळे. म्हणून लिहिताना मी सुरुवात चपलेपासून करत नाही. आधी ठरवते की ऐकतंय कोण, आणि त्या माणसाला नेहमी काय ऐकायची सवय आहे. सवय मोडली की वाचकाचा कान उभा राहतो.

त्या काळी घरातली मोठी माणसं पावलांवर विसंबून राहायची नाहीत हेही सांगायला हवं. शेजारच्या घरातले सासरे स्वयंपाकघराच्या दाराशी येण्याआधी खाकरायचे. आत सून असेल, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. खाकरणं म्हणजे तोंडाने दिलेली चाहूल.

कुणाच्या पायांना वाजायची मुभा होती?

इथे विषय वर्णनाच्या पलीकडे जातो, आणि जायलाच हवा.

आवाज करत चालणं हा सगळ्यांचा हक्क कधीच नव्हता. करकर वाजणारी वहाण गावात पाटलाने घालायची. देशाच्या अनेक भागांत दलितांना उच्चवर्णीयांच्या आळीतून जाताना पायातली वहाण काढून हातात घ्यावी लागे. ज्यांनी कातडं कमावलं, थर लावले, वादी ओवली, त्यांचे स्वतःचे पाय मुकाट ठेवले गेले. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, तिच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली. पण जुन्या गावातली कथा लिहिताना एखाद्याच्या पायात करकरणारी चप्पल घालण्याआधी तो कुठल्या आळीतून चालला आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. त्या काळात अशा माणसाने चप्पल न काढता, वाजवत चौक ओलांडला, तर ते एक पाऊल हीच अख्खी कथा असेल.

बायकांच्या पायांचंही असंच. “पाय वाजवत चालू नकोस,” हे मी आजीकडून शेकडो वेळा ऐकलं. त्याच आजीने मला चांदीचे पैंजण केले. पाऊल वाजायचं नाही, पैंजण मात्र वाजायचं. पुढे कळलं, पैंजणाचा आवाज आपला आपल्याला ऐकायला जेवढा असतो तेवढाच तो इतरांनाही असतो. घरातली मुलगी किंवा सून आत्ता कुठल्या खोलीत आहे हे न बघता कळायला. म्हणून भयकथेतलं छुमछुम मला आता नुसतं भुताचं वाटत नाही. जिच्या हालचालीवर जिवंतपणी सगळ्या घराचा कान होता, तिचं ते वाटतं.

“इतकं बारीक वाचक ऐकतो का?”

हा प्रश्न शनिवारी हमखास येतो, आणि रास्त आहे. उत्तर असं की बहुतेक वेळा पावलांचा आवाज लिहूच नये. दोन माणसं बोलत चालली आहेत, मन बोलण्यात आहे, तर त्यांनाच पावलं ऐकू येत नाहीत; वाचकाला कशाला ऐकवायची? कुणीतरी कान देऊन ऐकत असेल तेव्हाच पाऊल वाजवावं.

दुसरा आक्षेप आपल्या शहरांचा. घोडबंदर रोडवर हॉर्नच्या गदारोळात कुणाची चप्पल ऐकू येणार? खरं आहे. तिथे एकट्या पावलाला जागाच नाही. पण गर्दीच्या पावलांना आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून हे शहर गाडीच्या वेळेवर चालतंय. सकाळी पावणेनऊला स्टेशनच्या पुलावर कठड्याला टेकून पाच मिनिटं उभं राहून पाहा. टकटक, फटफट काही वेगळं निघत नाही. सुपात तांदूळ घोळावेत तशी एक सलग खसखस चालू असते. मग घोषणा होते की जलद गाडी वेगळ्याच फलाटावर येतेय. क्षणभर खसखस थांबते. पूर्ण थांबते. आणि पुढच्या क्षणी लोखंडी पत्रे धडधडायला लागतात. मधला तो रिकामा क्षण ज्याने लिहिला त्याने ठाणे स्टेशन लिहिलं.

एखादा वाचक बहिरा असेल तर, असंही एका मुलीने विचारलं होतं. तिचा भाऊ ऐकू शकत नाही. तिनेच सांगितलं की त्यांच्या गावच्या घरात लाकडी माळा आहे आणि त्यावर कुणी चाललं की भावाला खाली खांबाला टेकल्या टेकल्या कळतं. पाठीतून. हे मला आधी सुचलं नव्हतं.

खरा आवाज की पटणारा?

सिनेमात पावलांचे आवाज बहुतेकदा शूटिंगच्या वेळचे नसतात. ते नंतर स्टुडिओत करतात. या कलेला फोली म्हणतात, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली (१८९१–१९६७) यांच्या नावावरून. फोली कलावंत पडद्यावरच्या पात्राकडे बघत त्याच्या तालात स्वतः चालतो. समोर फरशी, लाकूड, वाळू, खडी असे चौकोन असतात आणि शेजारी जुन्या जोड्यांचा ढीग. बर्फावर चालल्याचा आवाज तिथे कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबून काढतात, कारण खऱ्या बर्फापेक्षा तो जास्त बर्फासारखा वाटतो.

यावरून काही जण म्हणतात, मग ‘टॉक टॉक’ने काय बिघडलं, तेही पटतंच की. माझं म्हणणं असं, की फोली कलावंत खोटा आवाज शोधत नाही. शेकडो जोड्यांतून तो त्या एका माणसाला शोभणारा जोडा शोधतो. आपल्याकडे आकाशवाणीच्या श्रुतिकांनीही हेच केलं. तिथे तर दाखवायला काहीच नव्हतं. दोन पावलांत सांगावं लागे की आलेला माणूस म्हातारा आहे आणि तो परवानगीवाचून आत आलाय.

आमच्यातल्या एकीचा उतारा तिच्या परवानगीने देते. आधी तिने लिहिलं होतं: ‘रात्रीचे बारा वाजले होते. बाहेर बुटांचा टॉक टॉक आवाज येत होता. आवाज जवळ जवळ येत होता. मानसीच्या अंगावर काटा आला.’

मी तिला फक्त प्रश्न विचारले. मानसी कुठे राहते? नेरुळला, सिडकोच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. महिना? जुलै. घरात कोण? नवरा रात्रपाळीला, ती एकटी. तिला रोज काय ऐकायची सवय आहे? इथे ती बराच वेळ गप्प बसली. मग पुढच्या शनिवारी हे घेऊन आली:

‘गेटची कडी वाजली. जिन्यात ओल्या चपलेचं पचक-फट, पचक-फट सुरू झालं. लवकर सुटला वाटतं, म्हणून मानसी उठून बसली. पहिल्या मजल्याशी पावलं थांबली. तिने वाट पाहिली. चप्पल काढल्याचा आवाज आलाच नाही.’

बूट गेले, टॉक टॉक गेलं, अंगावरचा काटाही गेला. वाचून दाखवताना खोलीत कुणी हललं नाही. निवृत्त काकूंनी हळूच आपले पाय खुर्चीवर घेतले.

आई आता ७८ वर्षांची आहे आणि माझ्याकडे राहते. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तिला घरातही एमसीआर चप्पल घालायला सांगितली आहे. मऊ, जाड तळ, लादीवर अजिबात वाजत नाही. रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत बसते, आणि पाणी प्यायला ती मागे येऊन उभी राहिली की मी दचकायचे. दोनदा-तीनदा असं झालं. तिने काही म्हटलं नाही. आता ती पॅसेजच्या टोकाशी थांबते, बारीक खाकरते, आणि मगच पुढे येते.